बालविद्यार्थी आणि ऑनलाइन ज्ञानकोश

(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या पालक-शिक्षक सभेंत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं भाषण म्हटलें कीं गतकालाचें स्मरण आणि उपकारकर्त्यांची आठवण यांचीच अपेक्षा असते. तें काम आमच्याहून अधिकारी वक्त्यांनीं सकाळींच उत्तम प्रकारें केलें आहे. आमच्याकडे सोंपविलेला विषय दिसण्यांत किरकोळ आहे. परंतु या सभेंत बसलेल्या प्रत्येक घराशीं त्याचा संबंध आहे, असें आम्ही समजतों. शाळेंत जाणारीं आपलीं मुलें हल्लीं कोणताहि प्रश्न पडला कीं मोबाइल उघडतात, विकिपीडियाचें पान काढतात, त्यावरील मजकूर वहींत उतरवून घेतात आणि 'प्रकल्प पुरा झाला' असें सांगतात. हें योग्य कीं अयोग्य? लहान वयाच्या विद्यार्थ्यानें ऑनलाइन ज्ञानकोशास आपल्या अभ्यासाचें साधन मानावें कीं मानूं नये?

कित्येक शिक्षक या प्रश्नास 'मुळींच नाहीं' असें उत्तर देऊन मोकळे होतात. मुंबई-पुण्याच्या शाळेंत तें उत्तर खपून जाईल, कारण तेथें मुलाच्या हातून मोबाइल काढून घेतला तरी ग्रंथालयाचें दार उघडें असतें. परंतु आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखांत बल्लारपुराहून निघून आलापल्लीचें रान ओलांडीत सिरोंच्याकडे जावें, किंवा धानोऱ्याहून छत्तीसगडच्या सीमेकडे वळावें, तर वाटेंत लहान मुलांस पुरेल असें ग्रंथालय किती ठिकाणीं लागतें? ज्या वसतिगृहांत पाठ्यपुस्तकें आणि भिंतीवरचा एक जीर्ण नकाशा यांपलीकडे कांहीं नाहीं, तेथील मुलास 'ज्ञानकोश पाहूं नको' असें सांगणें म्हणजे 'कांहींच पाहूं नको' असें सांगणें होय. सबब मनाईनें हा प्रश्न सुटत नाहीं. कोणत्या वयांत, कशासाठीं आणि किती विश्वासानें पाहावयाचा, एवढेंच आपणांस ठरवितां येईल.

ज्ञानकोश ही वस्तु मराठी माणसास नवी नाहीं. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनीं 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चें प्रचंड कार्य आरंभिलें तें आपल्या नागपुरासच. पुढें तें पुण्यास गेलें आणि तेवीस खंडांनीं तडीस पोंचलें. महाराष्ट्र राज्य झाल्यावर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखालीं वाई येथें 'मराठी विश्वकोशा'ची उभारणी झाली, व त्याचा पहिला खंड १९७६ सालीं निघाला. या विश्वकोशाच्या नोंदीखालीं लिहिणाराचें नांव असतें, आणि छापण्यापूर्वीं ती नोंद जाणत्यांच्या नजरेखालून गेलेली असते. तो आतां इंटरनेटवर कोणासहि फुकट वाचतां येतो; मुलांसाठीं निराळा 'कुमार विश्वकोश'हि काढण्यांत आला आहे. तेव्हां ऑनलाइन ज्ञानकोश म्हटलें कीं केवळ विकिपीडियाच डोळ्यांपुढें आणण्याचें कारण नाहीं. विश्वकोश घरबसल्या मिळतो हें आमच्या बहुतेक पालकांस अद्यापि ठाऊक नाहीं, आणि शिक्षकांपैकीं सर्वांस ठाऊक आहे असेंहि आम्ही छातीठोकपणें म्हणूं शकत नाहीं.

तथापि जाणत्यांनीं लिहिलें म्हणून तें सर्वकाळ खरें, असेंहि नव्हे. विश्वकोशाचे प्रारंभींचे खंड छापले गेले तेव्हां गडचिरोली जिल्हा अस्तित्वांतच नव्हता. तो २६ ऑगस्ट १९८२ रोजीं झाला. त्याआधींच्या लिखाणांत चंद्रपूर जिल्हा म्हणजे थेट प्राणहिता-गोदावरीच्या संगमापर्यंतचा मुलूख. हा फरक ज्यास ठाऊक नाहीं असें मूल एका पुस्तकांतील क्षेत्रफळ घेतें, दुसऱ्या ठिकाणची लोकसंख्या घेतें, आणि दोहोंचा मेळ बसला नाहीं म्हणजे रडकुंडीस येतें. आणखी मागें जावें तर १९०९ सालचें चांदा जिल्ह्याचें इंग्रजी गॅझेटियर आहे. इंग्रज अधिकाऱ्यानें राज्यकारभारासाठीं लिहिलेला तो ग्रंथ. त्यांतील आंकडे त्या काळचे आणि रानांत राहणाऱ्या लोकांकडे पाहण्याची दृष्टीहि त्या काळची. न्यू यॉर्क येथें १९०७ सालापासून निघालेला इंग्रजी 'कॅथॉलिक एन्सायक्लोपीडिया' हाहि आतां इंटरनेटवर सर्रास मिळतो, आणि धर्मशिक्षणाच्या वर्गांतील मुलें त्यांतून उतारे काढतात. विद्वानांनीं लिहिलेला तो मोलाचा ग्रंथ आहे यांत शंका नाहीं. पण त्यांत आपला चांदा धर्मप्रांत शोधूं गेल्यास सांपडणार नाहीं, कारण चांद्याचें स्वतंत्र धर्मक्षेत्र १९६२ सालीं निर्माण झालें व त्यास धर्मप्रांताचा दर्जा १९७७ सालीं मिळाला. जुनें छापील पुस्तक हातांत घेतलें म्हणजे पिवळीं पानें आणि कसरीचीं भोकें यांवरून त्याचें वय मुलासहि कळतें. पडद्यावर मात्र १९०७ साल आणि आजची सकाळ सारखींच शुभ्र दिसतात. म्हणून मुलास शिकवावयाची पहिली संवय ही कीं, 'हें केव्हां लिहिलें?' असें विचारल्याशिवाय एकहि ओळ उतरवूं नये.

आतां विकिपीडियाकडे वळूं. इंग्रजी विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजीं सुरू झाला व मराठी १ मे २००३ रोजीं. इंग्रजींतील नोंदी सत्तर लक्षांवर गेल्या आहेत. मराठींतील एक लक्षाच्या घरांत आहेत. तो कोणासहि वाचतां येतो हें प्रत्येक मुलास माहीत असतें. तो कोणासहि लिहितां येतो, ही गोष्ट मात्र फारच थोड्यांच्या ध्यानीं आलेली असते. ज्ञानकोश म्हणजे कोठेंतरी बसलेल्या एका सर्वज्ञ गुरुजींचें लिखाण, अशीच लहान मुलाची समजूत असते. वस्तुतः एकाच पानावर एक वाक्य प्राध्यापकाचें, दुसरें उत्साही कारकुनाचें व तिसरें एखाद्या खोडकर शाळकरी पोराचें असूं शकतें.

म्हणून तो टाकाऊ काय? नव्हे. २००५ सालीं 'नेचर' या प्रसिद्ध शास्त्रीय साप्ताहिकानें विकिपीडिया व 'एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका' यांतील विज्ञानाच्या ४२ नोंदी तज्ज्ञांकडून ताडून पाहविल्या. ब्रिटानिकांत १२३ चुका निघाल्या, विकिपीडियांत १६२. ब्रिटानिकाच्या चालकांनीं या पाहणीविरुद्ध कडक तक्रार केली; तरी लोकांस आश्चर्य वाटलें तें हें कीं अंतर इतकें थोडें कसें! ज्या पानावर पुष्कळांची नजर असते त्या पानावरची चूक बहुधा लौकर पकडली जाते. धोका आहे तो ज्या पानाकडे कोणी फिरकत नाहीं तेथें.

यासंबंधीं एक गोष्ट सांगण्याजोगी आहे, आणि ती वर्गांतहि अवश्य सांगावी. दक्षिण अमेरिकेंत कोआटी नांवाचा लांब नाकाचा प्राणी आहे. २००८ सालीं एका अमेरिकन विद्यार्थ्यानें निव्वळ थट्टेनें विकिपीडियावरील त्याच्या नोंदींत असें घुसडून दिलें कीं यास 'ब्राझीलचें आर्डवार्क' असेंहि म्हणतात. आर्डवार्क हा आफ्रिकेंतील अगदीं निराळा प्राणी. त्याचा याच्याशीं कांहीं संबंध नाहीं. ती थट्टा कोणीं काढून टाकिली नाहीं. पुढें ब्रिटिश वर्तमानपत्रांनीं तें नांव छापलें, एका नामांकित विद्यापीठाच्या मुद्रणालयानें काढलेल्या पुस्तकांतहि तें शिरलें, आणि मग विकिपीडियावर त्या नांवास आधार म्हणून एका वर्तमानपत्राचाच लेख जोडण्यांत आला. असें सहा वर्षें चाललें. म्हणजे चोरानें सावाची साक्ष काढावी आणि सावानें ऐकलें तें चोराकडूनच! दोन ठिकाणीं एकच गोष्ट लिहिलेली आढळली म्हणजे ती खरी, असें आपण मुलांस सांगतों; तें पुरेसें नाहीं हें यावरून दिसेल. दोघे साक्षीदार एकमेकांपासून स्वतंत्र आहेत काय, हें पाहिलें पाहिजे.

दुसरें उदाहरण लहान भाषांविषयीं आहे, आणि तें आम्हांस अधिक झोंबतें. स्कॉटलंडांत स्कॉट्स नांवाची बोली आहे. तिचाहि विकिपीडिया आहे. २०२० सालीं असें उघडकीस आलें कीं त्यांतील हजारों नोंदी एका अमेरिकन मुलानें बारा वर्षांच्या वयापासून लिहिल्या होत्या, आणि त्यास ती भाषाच येत नव्हती. इंग्रजी शब्दांची मोडतोड करून तो भाषा बनवीत होता. त्याचा हेतु वाईट नव्हता. पण ती भाषा जाणणारा पहारेकरी तेथें जवळजवळ कोणी नव्हता. इंग्रजीची गोष्ट निराळी, तेथें पहारेकरी पुष्कळ. आपली मराठी कोट्यवधि लोकांची भाषा असूनहि तिच्या विकिपीडियावर नेमानें राबणारे हात फार थोडे आहेत. खेड्यापाड्यांवरील पुष्कळशा मराठी नोंदी पाहाव्या, तर गांवाचें नांव, तालुका, जिल्हा, आणि मग कोणत्याहि गांवास लागू पडतील अशीं दोन-चार साचेबंद वाक्यें! त्यांत गांव कोठेंच नसतें.

आंकड्यांविषयींहि एक गंमत पाहावी. ताडोबावर प्रकल्प करावयास सांगितला तर एका मुलास क्षेत्रफळ ११६ चौरस किलोमीटर मिळतें, दुसऱ्यास ६२५, तिसऱ्यास १७२७. शिक्षक दोघांस चूक ठरवून एकास गुण देतात. वस्तुतः तिघेहि बरोबर असतात. १९५५ सालचें राष्ट्रीय उद्यान तें ११६ चौरस किलोमीटर. त्यास अंधारी अभयारण्याची जोड मिळून १९९५ सालीं व्याघ्रप्रकल्प झाला, त्याचा गाभा ६२५. आणि भोंवतालचा बफर धरला म्हणजे १७२७. तीन आंकडे शेजारीं मांडून 'हे वेगळे कां?' एवढा एकच प्रश्न सहावीच्या मुलास विचारला, तर दहा पानें उतरवून जें साधणार नाहीं तें अर्ध्या तासांत साधतें. ज्ञानकोश लहान मुलास उपयोगी पडतो तो अशा वेळीं.

परंतु आमच्या मनांतील खरें शल्य याहून निराळें आहे. विकिपीडियाचा एक नियम आहे कीं तेथें जें लिहावयाचें तें पूर्वीं कोठेंतरी विश्वसनीय रीतीनें प्रसिद्ध झालेलें असलें पाहिजे. स्वतःचें ऐकीव वा अनुभवाचें ज्ञान चालत नाहीं. नियम चांगला आहे, थट्टेखोरांवर तोच एक लगाम आहे. पण त्याचा परिणाम काय होतो? २०११ च्या जनगणनेंत गोंडी ही मातृभाषा सांगणारे एकोणतीस लक्षांहून अधिक लोक होते. तरी ती घटनेच्या आठव्या अनुसूचींत नाहीं, तिच्यांत छापलेलें थोडें, आणि माडियांत त्याहूनहि थोडें. मोहाचीं फुलें कोणत्या पहांटे पडूं लागतात, तेंदूचें पान केव्हां खुडावें, चारोळीचें झाड न तोडतां फळ कसें उतरवावें, कोणता कंद दुष्काळांत तारतो आणि कोणता मारतो, हें सर्व शास्त्र भामरागड-एटापल्लीच्या म्हाताऱ्या बायांच्या तोंडीं आहे. तें छापलेलें नाहीं, म्हणून ज्ञानकोशांत नाहीं. आणि ज्ञानकोशांत जें नाहीं तें ज्ञानच नव्हे, असें त्याच बायांचीं नातवंडें वसतिगृहांत बसून शिकत आहेत. मूल सुटींत घरीं येतें, आजी कांहीं सांगूं लागते, आणि तें म्हणतें, 'गूगलवर तर असें नाहीं.' आजी गप्प बसते. ती एकदां गप्प बसली म्हणजे तिच्याबरोबर जें जातें तें पुन्हां कोणत्याहि कोशांत मिळावयाचें नाहीं.

हें ज्ञान कोशांत आणतां येतच नाहीं असें मात्र नव्हे. डॉ. राणी बंग यांनीं गडचिरोलीच्या स्त्रियांपाशीं बसून झाडांविषयीं त्या काय सांगतात तें ऐकून घेतलें व 'गोईण' हें पुस्तक सिद्ध केलें; आज तें पुस्तक कोणत्याहि कोशास आधार म्हणून चालेल. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) हें गोंड लोकांचें गांव. तेथें वर्षानुवर्षें अभ्यासगट चालले. विषय घ्यावयाचा, बाहेरच्या जाणत्यास बोलवावयाचें, त्याचें ऐकावयाचें, पण ठरवावयाचें तें गांवानें बसून, सर्वांचें एकमत झाल्यावर. २००९ सालीं सामूहिक वनहक्क मिळविणाऱ्या देशांतील पहिल्या गांवांत त्याची गणना झाली. बाहेरचें ज्ञान नाकारावयाचें नाहीं आणि त्यापुढें लोटांगणहि घालावयाचें नाहीं, याचा याहून चांगला पाठ आपल्या शाळांस कोण देणार?

आतां वयाविषयीं. चौथीपर्यंतच्या मुलास एकट्यानें ऑनलाइन ज्ञानकोश देऊं नये असें आमचें स्पष्ट मत आहे. भाषा कळत नाहीं, आणि न कळलेलें उतरविण्याची संवय एकदां लागली कीं ती दहावीपर्यंत सुटत नाहीं. मोठ्या कोणीं शेजारीं बसून चित्र दाखवावें, दोन वाक्यें वाचावीं, बस्स. पांचवी ते सातवीच्या मुलानें आधीं पाठ्यपुस्तक, मग कुमार विश्वकोश किंवा विश्वकोश, आणि त्यानंतर विकिपीडिया, या क्रमानें जावें. वाचून झाल्यावर मोबाइल बंद करून स्वतःच्या शब्दांत लिहावें. बंद करून लिहिणें ही अट सर्वांत महत्त्वाची. आठवीपासून पुढें मात्र पानाच्या वर असलेले 'इतिहास' व 'चर्चा' हे भाग उघडून पाहण्यास शिकवावें: हें वाक्य कोणीं केव्हां घातलें, कोणीं वाद केला, खालीं संदर्भ कोणता दिला आहे, कीं नुसतें 'संदर्भ हवा' असें लिहून सोडलें आहे. संदर्भ असेल तर तोच उघडावा, आणि वहींत आधार म्हणून विकिपीडियाचें नांव न लिहितां त्या मूळ पुस्तकाचें लिहावें. विकिपीडियाचे चालकहि हेंच सांगतात. आपला कोश प्रमाण म्हणून उद्धृत करूं नये असें ते उघडपणें म्हणतात. खातरी करून घेण्याची इच्छा म्हणजे अश्रद्धा नव्हे. संत थोमाच्या भक्तांस हें आम्हीं निराळें सांगावयास नको.

हल्लीं प्रश्न विचारतांच सफाईदार उत्तर लिहून देणारीं कृत्रिम बुद्धीचीं यंत्रें मुलांच्या हातीं आलीं आहेत. त्यांविषयीं स्वतंत्र भाषण लागेल. इतकेंच म्हणतों कीं विकिपीडियाच्या पानास निदान इतिहास असतो. कोणीं काय बदललें तें दिसतें. यंत्राच्या उत्तरास असा मागमूस बहुधा नसतो, आणि चुकीचें उत्तरहि तें त्याच गोड भाषेंत देतें.

शिक्षकबंधूंविषयीं बोललें नाहीं तर पक्षपात होईल. मुलें उतरवून आणतात, कारण आपण उतरविण्याजोगेंच काम देतों. 'वाघाविषयीं माहिती व चित्रें गोळा करा' असें सांगितलें कीं मूल झेरॉक्सच्या दुकानांत जातें; दुकानदार कांहीं रुपयांत तयार प्रकल्प छापून देतो; आई मजुरींतून ते रुपये काढते; आणि आपण त्यावर 'उत्तम' असा शेरा मारतों. यांत शिकलें कोण? दुकानदार थोडाबहुत शिकला असेल! त्याऐवजीं 'आपल्या गांवच्या आठवडी बाजाराविषयीं तीन वृद्धांस विचारा', 'बाबूराव शेडमाके यांचें नांव व आडनांव निरनिराळ्या पुस्तकांत कसकसें लिहिलें आहे तें पाहा', असें काम द्यावें. १८५७-५८ च्या उठावांतील या गोंड वीरास २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं चांद्यास फांशी दिलें. कोठें त्यास बापूराव म्हटलें आहे, कोठें बाबूराव, कोठें शेडमाके, कोठें सेडमाके. हा शोध उतरवून पुरा होत नाहीं, त्यासाठीं वाचावेंच लागतें.

राहिली साधनांची गोष्ट. पर्लकोटेस पूर आला कीं भामरागडाचा रस्ता तुटतो, आणि कित्येक गांवीं कोरड्या दिवसांतहि मोबाइलची रेंज मिळत नाहीं. यावर उपाय आहे. 'किविक्स' नांवाची एक विनामूल्य सोय असून तिच्या साहाय्यानें सबंध मराठी विकिपीडिया एकदां उतरवून घेऊन संगणकांत ठेवतां येतो. मग इंटरनेट नसलें तरी चालतें. आपल्या वसतिगृहांतील जुना संगणक या कामास पुरेल. त्याच्या शेजारीं एक कपाट असावें: कुमार विश्वकोश, एक चांगला शब्दकोश, महाराष्ट्राचा नकाशासंग्रह, 'गोईण', आणि जिल्ह्याविषयींचीं मिळतील तीं पुस्तकें. ज्युबिलीच्या निधींतून एवढें होण्यास हरकत नसावी. रोषणाई एक रात्र कमी केली तरी चालेल असें आम्हांस वाटतें, समितीनें रागावूं नये. कपाटाची किल्ली मात्र कार्यालयाच्या खिळ्यावर लटकत राहूं नये. रविवारीं मिस्सा झाल्यावर दोन तास तें उघडें ठेवण्यास आमच्या महाविद्यालयीन तरुणांपैकीं दोघांनीं पाळी धरावी.

त्याच तरुणांस आणखी एक काम सुचवितों. आपल्या धर्मग्रामांतील पहिलीं घरें कोठून आलीं, पहिली प्रार्थना कोणाच्या अंगणांत झाली, शाळा कोणत्या झाडाखालीं भरत असे, हें सांगणारे वृद्ध आज या मंडपांत बसलेले आहेत. त्यांस विचारून, सांगणाराचें नांव व तारीख घालून, लिहून घ्यावें. फादरांच्या परवानगीनें बाप्तिस्म्याच्या व लग्नाच्या जुन्या नोंदवह्यांतील सालांशीं तें ताडून पाहावें, आणि जेथें वृद्धांचें व वहीचें जुळत नाहीं तेथें दोन्हीं लिहावीं. कुटुंबांच्या खासगी गोष्टी अर्थातच वगळाव्या. असें लिखाण छापून निघालें तर पुढें एखादा नातू ज्ञानकोशांत आपल्या गांवाचें पान लिहूं बसेल तेव्हां त्यास आधार सांपडेल.

वृद्धांची भेट घेण्याचें काम येत्या रविवारापासून सुरू करावें असें फादरांशीं बोलणें झालें आहे. नांवें देणाऱ्यांनीं तीं सभेनंतर सिस्टरांकडे द्यावीं. पालकांपैकीं ज्यांस कांहीं विचारावयाचें असेल त्यांनीं आतां विचारावें. फराळास अजून अर्धा तास आहे.